चमकतंय म्हणजे नवंच का? तीन नाणी, आणि फोटोत तिन्ही सारखीच

डबलबेल

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. सांभाळून घ्या.

मी एसटीत कंडक्टर आहे, कराड-पाटण लाइनला. महिलांना अर्धं तिकीट झाल्यापासून (मार्च 2023) माझ्या बॅगेत चिल्लर दुपटीने फिरायला लागली. पोरंसोरं मोबाइलवरून पैसे टाकतात, पण बायका पिशवीच्या आतली पिशवी, तिच्या आतली पुरचुंडी सोडून नाणी मोजून देतात. त्यात एखादं असं चमकतं की तिकीट फाडायचं, म्हणजे आता मशीनमधून काढायचं, राहून जातं. मग मी काय करतो, खिशातलं माझं तेवढ्याच किमतीचं नाणं बॅगेत टाकतो आणि ते आपल्याकडे ठेवतो. कॅश भरताना हिशेब चोख. घरी एक डबा आहे, पूर्वी त्यात लहान पोरीची औषधाची बाटली यायची तो.

तर प्रश्न तीन नाण्यांचा.

1) पाच रुपये, लोकमान्य टिळक, 1856-2006 लिहिलेलं. मल्हारपेठला चढलेल्या एका आजींनी दिलं. म्हणाल्या, नातवाचा गल्ला फोडला, नातू आता पुण्यात नोकरीला आहे. म्हणजे हे इतकी वर्षं अंधारात पडून असणार.

2) पाच रुपये, पिवळं, रिझर्व्ह बँकेच्या 75 वर्षांचं, 1935-2010, वाघ आणि ताडाचं झाड. हे दोनेक वर्षांपूर्वी मिळालं. डब्यातलं सगळ्यात चमकदार हेच. सोन्यासारखं.

3) दोन रुपये, 2007, दोन बोटं वर केलेला हात. आरशासारखं, तोंड दिसतं त्यात. सालाखाली काहीतरी खूण आहे, ठिपका की चांदणी ते कळत नाही.

फोटो टाकतोय, पण मलाच लाज वाटते. फ्लॅश मारला तर पांढरा गोळा येतो. फ्लॅश बंद केला तर नाण्यात माझा मोबाइल आणि त्याच्यामागे माझं डोकं. तिन्ही फोटो एकसारखेच आलेत. आमचे एक सहकारी म्हणतात तिन्ही यूएनसी (अनसर्क्युलेटेड, म्हणजे न वापरलेली, कोरी) आहेत, दुसरे म्हणतात तिन्ही घासलेली. खरं काय, कसं ओळखायचं, आणि फोटो काढायचा तरी कसा?

सुट्टेनाहीत

भाऊ, यूट्यूबवर बघा, दोन रुपयाचे पाच लाख मिळतात म्हणे. एसटी सोडा, विमान घ्या. 😄

रोखपाल_निवृत्त

वरच्या साहेबांचं हसण्यावारी नेऊ, पण त्या जाहिरातींना माणसं फसतात, म्हणून आधी तेवढं सांगतो. रिझर्व्ह बँकेने 2021 साली स्वतः पत्रक काढून सांगितलं होतं की आमच्या नावाने जुनी नाणी-नोटा विकत घेतो म्हणणाऱ्यांशी आमचा काही संबंध नाही. आधी "कमिशन" किंवा "टॅक्स" भरा म्हणाले, की समजायचं. डबलबेल, तुमची तिन्ही नाणी लाखो लोकांच्या हातातून गेलेल्या जातीची आहेत. मौज म्हणून जमवा.

आता नाण्यांकडे. मी पस्तीस वर्षं बँकेच्या कॅशमध्ये काढली. टांकसाळीची पिशवी फोडली की टेबलावर जो झगझगाट व्हायचा तो मला अजून डोळे मिटले की दिसतो. त्यामुळे एक गोष्ट छातीठोक सांगतो, चमक दोन जातींची असते. एक साच्याने दिलेली, दुसरी घासून आलेली. फोटोत दोन्ही सारख्या दिसतात, हातात नाही.

साचा धातूवर दणका मारतो तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो. त्या सरकण्याच्या अतिशय बारीक रेषा पृष्ठभागावर राहतात, डोळ्याला वेगळ्या दिसत नाहीत, पण उजेड पकडतात. खोलीतले सगळे दिवे बंद करा, एकच बल्ब ठेवा. नाणं कडेने दोन बोटांत धरा (पोटावर बोट लावायचं नाही, घामाचा ठसा पुढे काळा पडतो) आणि हळूहळू तिरपं करत फिरवा. नवं असेल तर मधून कडेपर्यंत उजेडाची दोन पाती निघतात आणि नाणं फिरेल तशी भिंगरीसारखी फिरतात. हेच लस्टर. घासलेल्या नाण्यात उजेड एका जागी पडून राहतो, किंवा सगळं नाणं एकदम पेटतं आणि एकदम विझतं.

दुसरं, धातू ओळखा. फ्रिजवरचं चुंबक घ्या. तुमचं दोन रुपयाचं चिकटेल, ते स्टीलचं. पिवळं चिकटणार नाही, ते निकेल-ब्रास. टिळकांचं लावून बघा आणि सांगा. हे एवढ्यासाठी विचारतो की प्रत्येक धातू वेगळ्या रीतीने म्हातारा होतो. जुनं तांबं-निकेलचं नाणं झिजलं की करडं, मेणचट होतं. पितळी नाणं काही महिन्यांतच मावळतं, मधासारखं, मग चहासारखं. आणि स्टील? स्टील लबाड आहे. ते झिजतं तसं *जास्त* चमकतं. खिशात, गल्ल्यात, तुमच्या बॅगेत एकमेकांवर घासून सपाट भागाला पॉलिश बसतं. त्यामुळे 2007 च्या स्टीलच्या नाण्यात तोंड दिसतंय हे ऐकूनच माझ्या मनात शंका आली.

एका गोष्टीला मात्र घाबरू नका. टिळकांच्या नाण्यावर बारीक टोचे दिसतायत म्हणून कुणी "वापरलेलं" म्हणालं असेल तर ते चूक असू शकतं. टांकसाळीतून नाणी पिशवीत भरून येतात, हजारोंनी एकमेकांवर आदळतात. बँकेतली मोजायची मशीन आणखी वेगळे ओरखडे देते, चाकाचे, कमानीसारखे. नाणं कुणाच्या खिशात जायच्या आधीच त्याला हे सगळं भोगावं लागतं. झीज बघायची ती उंच भागावर. टिळकांची पगडी, गालाचं हाड, मिशी. दुसऱ्या बाजूला मधल्या सिंहाची आयाळ आणि नाक. तिथे रंग बदललाय का, सपाट वाटतंय का? टोचा म्हणजे मार. झीज वेगळी.

ग्रेडचं म्हणाल तर यूएनसी म्हणजे झीज अजिबात नाही. एयू म्हणजे फक्त सगळ्यात उंच टोकांवर किंचित. एक्सएफ, व्हीएफ त्याखाली, म्हणजे आणखी झिजलेली. ती 1 ते 70 आकड्यांची पट्टी अमेरिकेतल्या विल्यम शेल्डनने 1949 साली तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी काढली, आता सगळीकडे वापरतात, 60 आणि त्यावर यूएनसी. पण चलनातल्या नाण्याला 63 की 64 करत बसणं म्हणजे वांग्याच्या भरताला मार्क देणं. यूएनसी की एयू एवढं कळलं तरी पुष्कळ.

खुणेबद्दल. सालाखाली हिऱ्यासारखा चौकोन म्हणजे मुंबई (फोर्टातली, रिझर्व्ह बँकेच्या समोरची टांकसाळ). पाच टोकांची चांदणी म्हणजे हैदराबाद. गोल ठिपका म्हणजे नोएडा, ही आपल्याकडची सगळ्यात धाकटी, 1988 पासूनची. काहीच नसेल तर कोलकाता. झिजलेली चांदणी ठिपक्यासारखी दिसते, म्हणून बऱ्याच लोकांचा घोळ होतो. भिंग घ्या. चष्म्याच्या दुकानात मिळतं तेवढंही पुरतं.

काचवाली

फोटोचं मी सांगते. माझं काम इमिटेशन ज्वेलरीचे फोटो काढायचं आहे, विरारला. दिवसभर चकाकणाऱ्या वस्तूंशीच मारामारी. काकांनी सांगितलेली भिंगरी फोटोत आणता येते, पण भाऊ, आधी तो फ्लॅश कायमचा विसरा.

चकचकीत वस्तूला स्वतःचा चेहरा नसतो, समोर जे असेल ते ती दाखवते. समोर मोबाइल असेल तर मोबाइल. त्यामुळे तुम्ही नाण्याचा नाही, नाण्याच्या समोरच्या गोष्टींचा फोटो काढताय असं समजा आणि समोर काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा.

घरातल्या सामानात होणारी पद्धत अशी. दोन सारख्या उंचीचे डबे घ्या, त्यांच्यावर जुन्या फोटो फ्रेमची काच आडवी ठेवा, मोबाइल काचेवर झोपवा, कॅमेरा मधल्या मोकळ्या जागेत खाली बघेल असा. हात हलायचा प्रश्न संपला. खाली काळा मखमली कापडाचा तुकडा किंवा काळा कागद, त्यावर बाटलीचं झाकण, झाकणावर नाणं. झाकणामुळे नाणं वर येतं आणि मागचं सगळं धूसर होतं, धूळ दिसत नाही. डबे साधारण वीतभर उंच हवेत. जवळ जाऊन "मॅक्रो" लावू नका. त्यात मोबाइलची सावली पडते आणि कडा वाकड्या येतात. थोडं लांब राहून दोन पट झूम करा आणि नंतर कापा.

उजेड एकच. टेबल लॅम्प असेल तर त्याच्यापुढे बटर पेपर धरा, नाहीतर बल्बचा ठिपकाच नाण्यात दिसेल. घड्याळातल्या अकराच्या जागेवरून, उंचावरून. मग दिवा हळूहळू सरकवत स्क्रीनवर बघा. एका ठिकाणी पाती उमलतात, तिथे थांबा. दिवा खूप खाली आणला की प्रत्येक ओरखडा दरीसारखा दिसतो, खूप वर नेला की सगळं सपाट. विकणारे लोक कुठे ठेवतात ते तुमच्या लक्षात येईलच.

मोबाइलमध्ये नाण्यावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होतो. मग बाजूचा सूर्य खाली ओढा, फोटो थोडा अंधारा वाटेल इतका. उजळ करणं नंतर जमतं, पांढरा गोळा झालेलं परत येत नाही. टायमर दोन सेकंदांचा. पिवळ्या नाण्याच्या फोटोत कोपऱ्यात कोरा पांढरा कागद येऊ द्या. कागद पांढरा दिसतोय तोवर नाण्याचा रंग खरा. खोलीतली ट्यूब बंद ठेवा, दोन रंगांचे उजेड मिसळले की मलाही सांभाळत नाहीत.

आणि ते आरशासारखं दोन रुपयाचं आहे ना, त्याला वेगळी युक्ती. मोबाइल आणि नाणं यांच्या मध्ये एक छोटी काच 45 अंशात तिरपी धरायची (पुस्तकांना टेकवून), दिवा बाजूने, काचेच्या पातळीवर. उजेड काचेवर आपटून सरळ खाली नाण्यावर जातो आणि तिथून सरळ वर तुमच्या कॅमेऱ्यात. दिव्याचा थेट उजेड नाण्यावर पडू नये म्हणून मध्ये एक पुठ्ठा. सपाट भाग पांढरा येतो, अक्षरं काळी, आणि खूण अशी स्पष्ट की ठिपका-चांदणीचा वादच मिटेल. पहिल्यांदा पंधरा मिनिटं चिडचिड होईल. मला तर पहिल्या दिवशी अख्खी दुपार लागली होती.

डबलबेल

काका, ताई, दोघांना दंडवत. काल साप्ताहिक सुट्टी होती. सकाळपासून हेच. बायको म्हणाली, डबे काचेखाली गेले तर चहा कशातून करू.

टिळकांचं चुंबकाला चिकटलं, म्हणजे स्टील. बल्बखाली फिरवलं आणि काका, पहिल्यांदा समजलं तुम्ही भिंगरी कशाला म्हणताय ते! दोन पाती, एकामागून एक, पगडीवरून जाऊन अक्षरांवर. पोरीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली पंख्यासारखं आहे. पगडीवर दोन टोचे आहेत, गालावर एक, पण सपाट कुठेच नाही. फोटो जोडलाय, ताईंच्या अकराच्या दिव्याने.

दोन रुपयाचं फिरवलं तर उजेड जागचा हलत नाही. नुसता आरसा. भिंगातून बारीक रेघाच रेघा, कशाही, आडव्यातिडव्या. बोटांची टोकं सपाट. तिरप्या काचेची युक्ती केली, तीन वेळा काच पडली, चौथ्यांदा जमलं. चांदणी आहे. हैदराबाद. फोटो दोन.

पिवळ्याचं मात्र कोडं झालंय. कोरा कागद ठेवून काढला तर नाणं सोनेरी नाही, गुलाबीसर दिसतंय. माझ्याच डोळ्यांनी ते इतके दिवस सोनं म्हणून बघत होतो. अक्षरांच्या कोपऱ्यांत थोडा काळेपणा आहे, बाकी लख्ख. भिंगरी नाही. काय प्रकार?

रोखपाल_निवृत्त

टिळक, टोच्यांसकट, यूएनसी म्हणायला माझी हरकत नाही. फार तर खालच्या पायरीचं यूएनसी. आजींच्या नातवाने गल्ला अजिबात हलवला नसावा. दोन रुपये एक्सएफच्या आसपास, लोकांनी फिरवून फिरवून पॉलिश केलेलं. त्यात कुणाचा दोष नाही, नाण्याचं कामच ते.

पिवळं आंबटाने धुतलंय. निकेल-ब्रासमध्ये तांबं, जस्त आणि थोडं निकेल. चिंच, लिंबू, आमसूल, काहीही आंबट लावलं की वरचा मळलेला थर जातोच, शिवाय जस्त आधी निघतं आणि वर तांब्याचा गुलाबी पापुद्रा राहतो. कोपऱ्यांतला काळेपणा म्हणजे जिथे घासणाऱ्याचं बोट पोचलं नाही तो भाग. भिंगरीच्या रेषा या भानगडीत खाल्ल्या जातात, आणि त्या परत येत नाहीत. 2010 चं पितळी नाणं चलनात राहूनही सोन्यासारखं दिसत असेल तर आधी संशय घ्यायचा, मग आनंद. माझ्या काउंटरवर दिवाळीनंतरच्या आठवड्यात अशी गुलाबी नाणी ओंजळभर यायची, लक्ष्मीपूजनाला धुतलेली.

एवढंच विचारतो, ते तुम्हाला मिळालं तेव्हाच असं होतं का? आणि टिळकांना डब्यात सुटं ठेवू नका. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातही नाही, त्यातून हिरवट चिकटा सुटतो. पुठ्ठ्याच्या चौकटी मिळतात, मध्ये पारदर्शक फिल्म असते, चार पिना मारायच्या आणि पिनांची टोकं पक्कडने चपटी करायची, नाहीतर शेजारच्या नाण्याला तीच ओरबाडतात.

काचवाली

भाऊ, टिळकांचा फोटो छान आलाय! मशीनने काढल्यासारखा गुळगुळीत नाही, ते बरं. फक्त दिवा अजून बोटभर मागे. पगडीवर किंचित जळलंय.

गुलाबी रंग कागदामुळे पकडलात हे आवडलं. गिऱ्हाईक मला सांगतं "गोल्ड दिसू दे", आणि मी कागद काढून घेते. माझ्या धंद्याचं हे असं आहे.

डबलबेल

काका, उत्तर मिळालं. सांगताना हसू येतं आणि जीवही जळतो.

मिळालं तेव्हा ते चहाच्या रंगाचं होतं, आता नीट आठवलं. म्हणून आईला विचारलं. आमचा डबा देवघराच्या फळीवर असतो. आई म्हणाली, "हो, मीच धुतलं. दिवाळीला देव घासायला काढले होते, डबा उघडला तर एक पितळेचं काळं पडलेलं दिसलं. म्हटलं लेकाने एवढं जपून ठेवलंय, तर चिंच लावून लख्ख करून ठेवावं." मी विचारलं, मग बाकीची? "ती स्टीलची. स्टीलला कशाला चिंच?"

म्हणजे टिळक वाचले ते स्टीलचे होते म्हणून.

आईला काही बोललो नाही. पिवळं नाणं तिच्याच हातात दिलं, तिने ते बाळकृष्णाशेजारी ठेवलं. तिथे ते शोभतंय, खोटं कशाला बोलू. पुठ्ठ्याच्या चौकटी कराडात स्टेशनरीवाल्याकडे विचारल्या, त्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळलो. ऑनलाइन मागवतो. तोवर टिळक एका कोऱ्या कागदात गुंडाळून कपाटात, कुलूप लावून. किल्ली माझ्याकडे.

परवा एका मावशींनी ज्ञानेश्वरांचा एक रुपया दिला, 1999 चा. बल्बखाली अजून धरला नाही. पहाटे साडेपाचची गाडी आहे, फोटो रविवारी.